लातूरचं जुनं रेल्वे स्टेशन कसं होतं, आणि ते गावाबाहेर का गेलं?

पुण्यातली_लातूरकर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन लातूरला गेले होते. स्टेशनवरून घरी जाताना बाबांनी रिक्षावाल्याला मुद्दाम सांगितलं की जुन्या रेल्वे लाइनवरनं घे. आता तिथं रूळबीळ काही नाही, सरळ रस्ता आहे, दुकानं, क्लासेसचे बोर्ड, चहाचे गाडे. पण बाबा सीटवर पुढं सरकून बसले आणि सारखं बोट दाखवत होते, इथून गाडी जायची, इथं फाटक पडायचं, इथं आम्ही सायकली धरून उभे राहायचो. माझा मुलगा सहावीत आहे, तो म्हणाला आबा, मग स्टेशन गावातच होतं तर आता आपण एवढ्या लांबून का आलो? बाबा म्हणाले मोठी गाडी आली म्हणून, आणि गप्प बसले.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. अरुंद रुळाची छोटी गाडी लातूरला कधी आली, कुणी आणली, स्टेशन का हललं? आणि आता रेल्वे स्टेशनं सुधारायच्या अमृत भारत योजनेत लातूरचंही नाव आहे म्हणतात, तर त्यात नक्की काय होणार? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, मुलाला शाळेत यावर चार पानं लिहायची आहेत आणि खरं सांगायचं तर मलाच जास्त हवंय.

कुर्डुवाडी_पॅसेंजर

ताई, तुमचे बाबा माझ्याच वयाचे असणार. फाटकाजवळ सायकल धरून उभं राहणं म्हणजे आमच्या पिढीचं सगळ्यांचंच आहे.

तारखा दुसरं कुणी सांगेल, मी बघितलेलं सांगतो. त्या गाडीला कुणी रेल्वे म्हणायचंच नाही, बार्शी लाइट म्हणायचे. डबा इतका अरुंद की समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागायचा, मधल्या जागेत कुणाचं तरी गाठोडं आणि त्या गाठोड्यावर कुणाचं तरी पोरगं. वाफेचं इंजिन होतं तेव्हा खिडकीतून तोंड बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाची कच जायची आणि आई पदराचं टोक पिळून ती काढायची. येडशीच्या बाजूला बालाघाटाचा चढ लागला की गाडी धापा टाकत चालायची.

आणि आषाढी. लातूरहून कुर्डुवाडी आणि तिथून त्याच छोट्या रुळावरनं पंढरपूर. पायी वारी ज्यांना झेपायची नाही ती सगळी म्हातारी माणसं या गाडीला. माझी आजी वर्षभर पैसे साठवायची ते या एका तिकिटासाठी. डब्यात जागा नाही म्हणून टपावर माणसं, आणि टाळ खाली डब्यातही वाजतायत आणि वर टपावरही. ते मी अजून विसरलो नाही.

आता दुसरी बाजूपण सांगतो, नाहीतर पोराला वाटेल सगळं छानच होतं. मी आडत लाइनला कामाला होतो. लातूरचा माल मुंबईला पाठवायचा तर छोट्या वॅगनमध्ये भरायचा, कुर्डुवाडीला गेला की हमाल तो सगळा उतरवायचे आणि पलीकडच्या मोठ्या वॅगनमध्ये परत भरायचे. एक पोतं दोनदा उचललं जायचं. दोनदा हमाली, दोनदा हूक लागणार म्हणजे पोतं फाटणार, डाळ सांडणार, वर वॅगन मिळाली नाही तर माल तिथंच पडून. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून पुढं ट्रक वाढले तसे व्यापाऱ्यांनी रेल्वे सोडली, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

रूळप्रेमी

वा काका, कुर्डुवाडीच्या त्या बदलाबदलीबद्दल मी फक्त वाचलं होतं, करणाऱ्या माणसाकडून आज ऐकलं.

ताई, तारखा अशा. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी, लंडनची, आणि तिच्यामागचा माणूस म्हणजे इंग्रज इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण मुंबई-सोलापूरची मोठी लाइन तिला बगल देऊन गेली होती, म्हणून १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाव अशी अडीच फुटी नॅरोगेज सुरू झाली. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर आणि सगळ्यात शेवटी १९२७ ला मिरज. एकूण लांबी ३२५ किलोमीटरच्या आसपास. सरकारनं कंपनी १९५४ ला घेतली.

कॅलथ्रॉपची खरी हुशारी कशात, तर त्यानं ठरवलं की इंजिन असो की डबा की मालाची वॅगन, एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनापेक्षा जास्त वजन येऊच द्यायचं नाही. त्यामुळं रूळ हलके चालले, पूल हलके चालले, खर्च कमी आला आणि तरी गाडी भरपूर माल ओढायची. पुढं बाहेर कुठं नॅरोगेज बांधायची झाली की बार्शीचं उदाहरण द्यायचे. (याच माणसानं नंतर विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, मुलाला हे नक्की सांगा, चार पानांतलं अर्धं पान तिथंच होईल.)

स्टेशन का हललं ते पण त्याच्यातच आहे. नॅरोगेज चिमटीएवढ्या जागेत वळते, गल्लीबोळातून, घरांच्या पाठीमागून जाते. ब्रॉडगेजला, म्हणजे मोठ्या रुळाच्या गाडीला, वळण मोठं लागतं, चोवीस डब्यांची गाडी उभी करायची तर सरळ लांब जागा लागते. तोवर लातूर लाइनीच्या दोन्ही बाजूंनी दाट वाढलं होतं. तिथं ब्रॉडगेज घुसवायची तर निम्मी पेठ पाडावी लागली असती आणि गावातली फाटकं दिवसभर बंद राहिली असती. म्हणून नवीन लाइन गावाबाहेरनं काढली. लातूर-उस्मानाबाद ब्रॉडगेज २००७ ला झाली, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ ला. जुनी गाडी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जातच नव्हती, जिल्ह्याचं गाव असून तिथल्या लोकांना येडशी गाठावी लागायची. नवीन मार्ग वळवून त्यांना रेल्वे दिली.

मुरूडचा_पोरगा

एक शंका. आमच्याकडं सगळे निजामाची रेल्वे म्हणतात हिला, मग ती खासगी कशी?

रूळप्रेमी

गाडी कंपनीची, जमीन निजामाची. तडवळ्यापासून लातूरपर्यंतचा टप्पा हैदराबाद संस्थानात होता म्हणून तसं तोंडात बसलं. निजामाच्या रेल्वेची लाइन वेगळी, ती विकाराबादहून परळीला जाते आणि लातूर रोड स्टेशन तिच्यावर आहे, चाकूर तालुक्यात, लातूरपासून तीस-पस्तीस किलोमीटर लांब. नवीन माणूस आजही नाव बघून लातूर रोडला उतरतो आणि मग विचारत बसतो की गोलाई कुठंय.

गोलाईजवळ

गोलाईचा विषय निघालाच आहे तर माझंपण ऐका. आमची गंजगोलाई १९१७ ची आणि रेल्वे १९११ ची. सोळा रस्ते एका ठिकाणी आणून एवढा मोठा बाजार बांधायची हिंमत कुठून आली? माल बाहेर न्यायला दारात गाडी होती म्हणून. माझं स्पष्ट मत आहे, लातूर आधी स्टेशनचं गाव झालं आणि मग जिल्ह्याचं. जिल्हा तर १९८२ ला झाला, तोवर स्टेशनला सत्तर वर्षं होऊन गेली होती.

पण मला खरं सांगायचंय ते २०१६ चं. मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी येणं बंद, टँकर आला की गल्लीत भांडणं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. माझी आई सत्तरीची, ती रात्री दोनला उठून घागरी रांगेत लावायची. आणि मग १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी आली. दहा टाक्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. मी स्टेशनवर गेलो होतो बघायला, अर्धं गाव आलं होतं. वॅगनच्या खालच्या नळाला पाइप जोडला आणि पाइप एकदम ताठ झाला, थरथरायला लागला, तेव्हा कळलं की आत पाणी धावतंय. शेजारी उभा असलेला एक म्हातारा जोडातून गळणारं पाणी ओंजळीत धरून डोळ्याला लावत होता. पुढं पन्नास पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या, जवळजवळ पंचवीस कोटी लिटर पाणी आलं.

आता वरच्या तारखा वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. पाणी ज्या वाटेनं आलं ती सगळी बार्शी लाइटचीच वाट की! काही ठिकाणी लाइन सरकली असेल पण वाट तीच. आणि काका म्हणतात तसं कुर्डुवाडीला माल उतरवायची पद्धत राहिली असती तर पाणी कसलं उतरवणार होते? मोठी गाडी झाली म्हणून आम्ही तो उन्हाळा काढला. त्यामुळं स्टेशन लांब गेलं याचं मला वाईट वाटत नाही. रिक्षाचे पैसे जास्त जाऊ देत.

हॉस्टेलवाली_आई

स्टेशन लांब गेलं ते ठीक, पण आता जे आहे ते तरी पुरेसं करा ना. माझी मुलगी लातूरला नीट परीक्षेच्या तयारीला दोन वर्षं होती, सुट्टी लागली की सगळ्या हॉस्टेलची पोरं एकदम निघतात, ट्रंक, गादी, पुस्तकांची पोती, आणि मुंबईच्या गाडीचं रिझर्व्हेशन उघडता उघडता संपलेलं. २०१७ ला ती गाडी बीदरपर्यंत न्यायचं ठरलं तेव्हा लातुरात आंदोलन झालं, बाहेरच्यांना वाटलं लोक हट्टी आहेत. हट्ट नव्हता हो, गाडी इथून सुटते म्हणजे ती इथं रिकामी मिळते, ती पुढून भरून आली तर आमची पोरं कुठं बसणार? आता काही दिवस लातूरहून सुटते, काही दिवस बीदरहून. २०२३ पासून पुणे-हरंगुळ (लातूरच्या शेजारचं स्टेशन) गाडी झाली त्यानं पुण्याच्या मुलांची मात्र खरंच सोय झाली.

अमृत भारतमध्ये दर्शनी भाग, मोठा वेटिंग हॉल, रुंद पादचारी पूल, लिफ्ट, सरकते जिने, बाहेर वाहनांना जागा असं सगळं असतं. लिफ्ट मला हवीच आहे, माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला जिना चढवायचा म्हणजे मागून एक पुढून एक माणूस लागतो. पण त्याच्याबरोबर इथून सुटणाऱ्या गाड्या वाढल्या पाहिजेत, त्या उभ्या करायला, धुवायला जागा पाहिजे.

रूळप्रेमी

ताई, शंभर टक्के. मी त्यात अजून एक मागणी घालतो. नवीन स्टेशनात एका भिंतीवर तरी बार्शी लाइटचा नकाशा आणि अडीच फुटी रुळाचा एक तुकडा खऱ्या मापाचा ठेवावा, बाजूला ब्रॉडगेजचा. पोरांना उभं राहून पाय फाकवून मोजता आलं पाहिजे की किती फरक आहे.

आणि लातूरकरांनी छाती फुगवावी अशी एक गोष्ट कुणाला माहीतच नसते. भारतातली पहिली विजेची गाडी १९२५ ला मुंबईत धावली, बोरीबंदर ते कुर्ला. तिथून सुरू झालेलं मध्य रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं ते २०२३ च्या फेब्रुवारीत, आणि सगळ्यात शेवटचा तुकडा कुठला? औसा रोड ते लातूर रोड. म्हणजे तार आमच्याकडं पोहोचायला अठ्ठ्याण्णव वर्षं लागली. हरंगुळजवळच्या कोच फॅक्टरीचं तसंच, २०१८ ला पायाभरणी, २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार. जिथं आसाला पाच टनाची छोटी गाडी धापा टाकत यायची तिथं आता डबे बनवायची फॅक्टरी.

पुण्यातली_लातूरकर

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. काल रात्री जेवण झाल्यावर सगळा धागा बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. पाण्याच्या गाडीपाशी आई उठून आत गेली, तिची बहीण तेव्हा लातूरलाच होती. मुलानं कॅलथ्रॉपचं पॅराशूट वहीत काढायला घेतलंय आणि आज संध्याकाळी दोघांनी मिळून हॉलमध्ये खडूनं अडीच फूट मोजून रूळ आखलेत, आबा एका रुळावर पाय ठेवून उभे आणि नातू दुसऱ्या.

कुर्डुवाडी_पॅसेंजर काका, बाबांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय. म्हणतात टपावरच्या टाळांचं बरोबर आहे, तेही एका आषाढीला टपावर होते, घरी सांगितलं नव्हतं. आणि विचारतात तुम्ही आडत लाइनला कुणाच्या दुकानात होता? इथं नाव नका टाकू, मला मेसेज करा, मी त्यांना फोन लावून देते.