मदत हवी आहे: मुलीच्या घटस्फोटाच्या केससाठी वकील कसा निवडावा? (पुणे)

नमस्कार मंडळी,

इथे मी आजवर गच्चीवरच्या बागेच्या धाग्यांपलीकडे फारसा गेलो नाही. असला धागा काढायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. नावं देत नाही, कृपया विचारू नका.

गेल्या सोमवारी माझ्या मुलीच्या (वय ३४) नावाने शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाचं समन्स आलं. ती ऑफिसात होती, बेलिफाकडून मीच सही करून घेतलं. जावयाने घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. कारणं दोन, क्रूरता आणि त्याग. मुलगी १४ महिने झाले आमच्याकडे सिंहगड रोडला आहे, सहा वर्षांची नात तिच्याबरोबर. पहिल्या तारखेला अजून १८ दिवस आहेत.

अर्जात २३ परिच्छेद आहेत. मी तीनदा वाचला. 'जाबदार ही अर्जदाराशी उर्मटपणे वागत असे' इथपासून सुरुवात. एक अख्खा परिच्छेद आमच्या हिच्यावर, म्हणे रोज फोन करून संसारात ढवळाढवळ. ही त्यावरून दोन दिवस धड जेवली नाही. फोन रोज करायची, हे मात्र खरं आहे.

मी खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरीत ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं. तीन कोटेशनं आल्याशिवाय सुतळीचं बंडलसुद्धा घेतलं नाही. त्याच सवयीने तीन वकील पाहिले.

पहिले साहेब कोर्टाच्या जवळच. मोठं ऑफिस, एसी, बाहेर चार ज्युनियर. अर्ज त्यांनी उघडलाच नाही, हातात घेऊन नुसता जोखला. "काका, निर्धास्त राहा. सहा महिन्यांत मोकळं करतो. आधी पोलिसांत देऊ, मग कौटुंबिक हिंसाचार, मग पोटगी. चारी बाजूंनी घेरला की येतो गुडघ्यावर." फी दोन लाख, निम्मी आधी. शिवाय जी एकरकमी पोटगी मिळेल त्यातले दहा टक्के. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

दुसऱ्या बाई. सदाशिव पेठेत, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांनी अर्ज वाचायला पाऊण तास घेतला. आम्ही दोघं समोर बसून पंखा बघत होतो. मग एका ठिकाणी पेन्सिलने खूण केली. म्हणाल्या, त्याग म्हणायचा तर अर्ज दाखल होण्याआधी सलग २ वर्षं सोडून गेलेलं असावं लागतं. इथे १४ महिनेच होतायत, म्हणजे हे कारण उभंच राहत नाही. हे सांगताना चेहऱ्यावर आनंद नाही की काही नाही. मग मुलीला विचारलं, "तुम्हाला नांदायचंय, सुटायचंय, की अजून ठरलेलं नाही?" ती बोलेना, म्हणून मी म्हणालो की आम्हाला त्याला धडा शिकवायचाय. बाई म्हणाल्या, "मी त्यांना विचारलंय." फी ७० हजार, टप्प्याटप्प्याने, टायपिंग-नोटरी-नकलांचा खर्च वेगळा. किती दिवस लागतील, तर "तीन वर्षं धरून चला. आधी संपलं तर पेढे आणा."

तिसरे आमच्या साडूंच्या ओळखीचे. जन्मभर जमिनीच्या केसेस चालवल्यात. फी विचारली तर "घरचंच आहे, बघू". 'घरचंच आहे' म्हणणाऱ्याकडून मी फॅक्टरीतही कधी माल घेतला नाही.

माझं मन पहिल्यांकडे ओढतंय. लढाईला जायचं तर तलवार हवी, पेन्सिल काय कामाची? पण दोन लाख आणि वर दहा टक्के हे गणित गळ्याखाली उतरत नाही. एकरकमी फी बरी की तारखेगणिक? ऑफिसात साहेब भेटतात, पण कोर्टात ज्युनियर उभा राहतो म्हणतात, खरं का? शेजारचे एकजण म्हणाले की कौटुंबिक न्यायालयात वकील चालतच नाहीत. मग हे सगळे लोक करतात काय तिथे? मधेच वकील बदलावासा वाटला तर कागद परत मिळतात का? आणि मुलीच्या फोनमध्ये जावयाच्या शिवीगाळीची काही रेकॉर्डिंग आहेत, ती चालतात का?

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. वकिलांची नावं उघड नकोत.

*

खिडकीजवळची जागा:
काका, मी यातून गेले आहे. शिवाजीनगरलाच, चार वर्षं दोन महिने.

वकिलाला एवढंच विचारा की पुराव्याच्या आणि उलटतपासणीच्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहाल का. साध्या तारखेला ज्युनियर आला तर काही बिघडत नाही, पुढची तारीख तर घ्यायची असते. माझ्या पहिल्या वकिलांनी माझ्या उलटतपासणीच्या दिवशी नवशिक्या मुलाला पाठवलं. समोरचे नको ते प्रश्न विचारत होते आणि हा हरकत घेण्याऐवजी मोबाइल बघत होता. संध्याकाळी वकील बदलला.

कागद पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा. दाखल होणाऱ्या प्रत्येक अर्जाची प्रत, प्रत्येक पैशाची पावती. केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर घ्या आणि ई-कोर्ट्सचं ॲप टाका, त्यात पुढची तारीख आणि काय झालं ते दिसतं. नाहीतर "कालच होती की तारीख" असं तिसऱ्या दिवशी कळतं.

आणखी एक, हे कुणी आधी सांगत नाही. सुरुवातीच्या तारखांना समुपदेशकांकडे पाठवतात. तिथे वकील आत येत नाहीत, आईवडीलही नाहीत. आत नवरा, बायको आणि समुपदेशक. तुमच्या मुलीला तिथे एकटीने बोलायचं आहे.

ता. क. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात तारीख निघून जाईल. स्वारगेटहून मेट्रो धरा, मंडई आणि कसबा गेलं की जिल्हा न्यायालयच.

*

रिकामटेकडा:
माझ्या मेहुण्याचे वकील एक नंबर आहेत, समोरच्याला रडवतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

*

काळा कोट:
मी वकील आहे, पण पुण्यात प्रॅक्टिस करत नाही, त्यामुळे धंदा मागायला आलेलो नाही.

पोटगीतला हिस्सा फी म्हणून मागणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निषिद्ध आहे. दहा टक्के म्हणणाऱ्याच्या पायऱ्या तिथेच उतरायच्या. 'सहा महिने' कुठून आलं तेही सांगतो. हिंदू विवाह कायद्यातच लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रयत्न. एकदा कोर्टाच्या बोळात उभं राहून बाकांवरच्या लोकांना विचारून बघा, कितवं वर्ष चालू आहे ते.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. तसा अर्ज करतात आणि परवानगी मिळते. काळजी कैफियतीची करा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. कोर्ट मुदत वाढवतं, पण ९० दिवसांवर ताणू नका. आणि तारखेला कुणीच गेलं नाही तर प्रकरण एकतर्फी चालू शकतं.

'चारी बाजूंनी घेरणं' म्हणजे व्यवहारात काय होतं? घटस्फोट इथे, हिंसाचाराचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे, फौजदारी आणखी तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी वेगळी तारीख, वेगळी फी, आणि हजर राहायचं तुमच्या मुलीने. तिच्या रजा किती शिल्लक आहेत? मारहाण किंवा हुंड्यासाठी छळ झाला असेल तर अजिबात थांबू नका, जुनं ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, तो रस्ता आहेच. पण झालेलं नसताना धाक म्हणून गुन्हा दाखल केलात तर उलटतपासणीत तोच तुमच्या अंगावर येतो.

अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज लवकर टाका. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. त्याच निकालाने दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. मुलगी नोकरी करते, तर पगार लपवू नका. तिच्यासाठी कमी मिळेल कदाचित, पण नातीच्या खर्चाची जबाबदारी बापावर राहतेच.

रेकॉर्डिंग: जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवराबायकोतलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग अशा दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं असं म्हटलंय. मात्र ज्या फोनवर आहे तो फोन जपा. फॉरमॅट नाही, एक्स्चेंजला देणं नाही. दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघतील.

वकील कधीही बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच सांगून ठेवलंय. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

लढत लढत मधेच दोघांचं जुळलं, तर हाच दावा परस्पर संमतीच्या घटस्फोटाकडे वळवता येतो. सहा महिन्यांची थांबण्याची मुदतही कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं, २०१७चा निकाल आहे.

*

दुपारचा चहा:
काका, राग मानू नका. सगळा धागा वाचला. तुमचं मन कुठे ओढतंय ते कळलं, काकूंचं जेवण कळलं. मुलीचं काय म्हणणं आहे? वकीलपत्रावर सही तिची होणार आहे ना?

*

धागाकर्ता:
मी तिचा बाप आहे, शेजारी नाही. पैसे मी भरणार आहे. असो. काळा कोट यांचे आभार.

*

धागाकर्ता (सहा दिवसांनी):
वरचं उत्तर मी फटकन दिलं. 'दुपारचा चहा' यांनी समजून घ्यावं.

त्या रात्री मुलीला विचारलं. म्हणजे मी नाही, हिने विचारलं, मी आतल्या खोलीतून ऐकलं. मुलगी म्हणाली की तिला परत जायचं नाही, त्याला धडा वगैरेही शिकवायचा नाही. नातीचा ताबा, नातीच्या शिक्षणाचा खर्च आणि लॉकरमधले तिचे स्वतःचे दागिने, एवढं हवंय. पहिल्या साहेबांकडे बसली असताना तिला मळमळत होतं म्हणे. मला ते एसीमुळे वाटलं होतं.

परवा ती ऑफिसातून परस्पर सदाशिव पेठेत जाऊन वकीलपत्रावर सही करून आली. मी खाली चहाच्या टपरीवर होतो. उलटतपासणीला स्वतः उभ्या राहाल का, हे तिने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "मग पाठवणार कुणाला? ज्युनियर आहेच कुठे माझ्याकडे?" फीचे टप्पे त्यांनी कागदावर लिहून दिलेत: कैफियत, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद. तारखेचे वेगळे पैसे नाहीत.

तिचा जुना फोन दसऱ्याच्या ऑफरमध्ये द्यायचं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. आता तो माझ्या कपाटात, लेबल लावून.

बाईंनी मला एक काम दिलंय, कागदांची सूची. बँकेचे उतारे, दवाखान्याच्या पावत्या, मेसेजच्या छापील प्रती, सगळं तारीखवार. हे मला येतं. दोन बॉक्स फाइली झाल्या. अडलंय एकाच ठिकाणी. नातीच्या शाळेची फी ऑनलाइन भरलेली, दोन हप्ते जावयाच्या खात्यातून, पाच आमच्या. शाळेकडून शिक्क्याचा कागद हवा, पण घरातला विषय तिथे काढायचा नाही. कसा मागावा?

*

खिडकीजवळची जागा:
'फी भरल्याचा दाखला' एवढंच लिहून अर्ज करा. इन्कम टॅक्ससाठी पालक नेहमी मागतात, कारण कुणी विचारत नाही. अर्ज मात्र पालकाच्या सहीने लागेल.

*

धागाकर्ता:
म्हणजे पुन्हा तिचीच सही. उद्या डबा घेऊन निघताना तिच्या हातात अर्ज देतो.