सूर्यातले एवढेसे लोखंड प्रकाश इतका कसा अडवते?

प्रश्न – फौंड्री प्रयोगशाळा, शिरोली
नमस्कार. मी एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करतो. भट्टीतल्या रसाची चकती घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवली, की ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांचे प्रमाण पडद्यावर उमटते. त्या वर्णपटात लोखंडाच्या रेषांची इतकी दाटी असते, की बाकीच्यांच्या रेषा त्यातून निवडून घ्याव्या लागतात. सूर्यात मात्र सुमारे ३०,००० हायड्रोजन अणूंमागे लोखंडाचा जेमतेम एक अणू आहे. तरीही सूर्याच्या अंतर्भागाचे गणित लोखंडापाशी अडते, असे वाचले. हे कसे?

उत्तर – निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, मंगळवार पेठ
उत्तर तुम्ही पाहिलेल्या दाटीतच आहे. हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन सूर्याच्या खोल भागात सुटून गेलेला असतो, पण लोखंडाच्या २६ पैकी सुमारे १० इलेक्ट्रॉन वीस लाख अंशांनाही अणूला चिकटून असतात आणि तेच प्रकाश शोषतात. यात एक बारकावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. राजाराम बंधाऱ्याला बरगे घातल्यावर किती पाणी निसटते, हे बरगे किती जाड आहेत यावर नव्हे, तर त्यांच्यामधल्या फटींवर ठरते. प्रारणाचे, म्हणजे सूर्याच्या आतून बाहेर येणाऱ्या प्रकाश-ऊर्जेचेही तसेच आहे: ते दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेतून वाट काढते, आणि म्हणून ताऱ्याच्या सरासरी अपारदर्शकतेत, म्हणजे प्रकाश अडवण्याच्या क्षमतेत, या फटींनाच अधिक वजन दिले जाते. लोखंडाच्या असंख्य रेषा, आणि दाट वायूत रुंदावलेल्या त्यांच्या कडा, नेमक्या या फटी बुजवतात.

उत्तर – संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी
सरांच्या उत्तराला इतिहासाची थोडी जोड देते. कोणत्या तापमानाला अणूचे किती इलेक्ट्रॉन सुटतील, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. आजचे गणितही त्याच पायावर उभे आहे. पुढे सेफिड, म्हणजे ठरावीक काळाने फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या ताऱ्यांच्या स्पंदनांचे आकडे सिद्धांताशी जुळेनात, तेव्हा नॉर्मन सायमन यांनी १९८२ मध्ये जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता पुन्हा तपासावी, असे आवाहन केले. लिव्हरमोर प्रयोगशाळेतील गटाने आणि मायकल सीटन यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अणूंची आकडेमोड नव्याने केली, तेव्हा सुमारे दोन लाख अंशांजवळ लोखंडामुळे येणारा अपारदर्शकतेचा मोठा उंचवटा आढळला आणि सेफिडचे कोडे बऱ्याच अंशी सुटले.

प्रश्नकर्ता
ताई, सर, दोघांचे आभार. आम्ही यंत्र जुळवताना प्रमाण माहीत असलेली चकती आधी लावतो आणि यंत्राचा आकडा तिच्याशी ताडून पाहतो. सूर्यासाठी अशी चकती कुठून आणणार?

उत्तर – संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी
तशी चकती तयार करण्याचाच प्रयत्न अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत झाला. तेथील झेड या प्रचंड विद्युतप्रवाहाने क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्रात लोखंडाचा अतिशय पातळ थर सुमारे २० लाख अंशांपर्यंत तापवून मोजला, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अपारदर्शकता तरंगलांबीप्रमाणे गणितापेक्षा ३० ते ४०० टक्के अधिक भरली. सूर्यातील ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्यांचे प्रमाण कमी धरल्यापासून सूर्याच्या गणिताचा सूर्यकंपनांच्या (सूर्याच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या कंपनांच्या) मोजमापांशी जो मेळ बिघडला होता, तो पुन्हा जुळण्यासाठी अपारदर्शकतेत लागणाऱ्या वाढीपैकी सुमारे निम्मी यातून मिळते. परंतु प्रयोग चुकला की गणित, हा वाद मिटलेला नाही. तो तपासण्यासाठी त्याच पद्धतीने क्रोमियम आणि निकेलही मोजले. २०१९ मध्ये आलेल्या त्या निकालांत एकूण तफावत लोखंडापेक्षा कमी निघाली, आणि लघु तरंगलांबीकडची गणितातली मोठी तूट फक्त लोखंडातच दिसली.