सोलापूरच्या पेठेचं थ्रीडी मॉडेल करायलोय, खरंच उपयोग होतो का नुसता शो?

पेठेतला_पोरगा:
नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर सोलापुरातच पूर्व भागात. थिसिससाठी आमच्याच पेठेतल्या गल्ल्या घेतल्यात, विषय असा की मे महिन्यात दुपारी या गल्लीतनं माणसाला चालता यावं एवढी सावली कुठे मिळते, आणि उद्या जुनी घरं पाडून तळ अधिक तीन उभं राहिलं तर ती वाढणार का कमी होणार. गाईड म्हणाले थ्रीडी सिटी मॉडेल करून दाखव, आजकाल सगळीकडे तेच चाललंय. मी आपला बसलो स्केचअप उघडून, पंधरा दिवसात ४० घरं झाली, प्रत्येकाचा जिना, ग्रील, ओटा, एवढंच काय एका घराचं तुळशीवृंदावन पण केलं 😅 आणि आता फाईल उघडली की लॅपटॉप आचके देतो. अजून जवळजवळ सहाशे घरं बाकी आहेत. आई विचारते रात्रभर काय करायलास बे, तर सांगता येत नाही.
तर प्रश्न असा की एवढं बारीक लागतं का? आणि शहर नियोजनात याचा खरोखर कुणी वापर करतं का जूरीसमोर (थिसिस तपासणारे परीक्षक) गोल गोल फिरवून दाखवायला असतं सगळं?

नकाशेबाज:
आधी ते ग्रील काढायचं बंद कर मित्रा. मी जीआयएसमध्ये, म्हणजे माहिती जोडलेल्या संगणकी नकाशांचं काम करतो, दर वर्षी एक तरी पोरगं असं तुळशीवृंदावनात अडकलेलं भेटतं.
मॉडेल किती बारीक हे तुझा प्रश्न ठरवतो. सिटीजीएमएल म्हणून या क्षेत्रातलं मानक आहे, ओजीसी नावाच्या संस्थेचं, २००८ ला पहिली आवृत्ती आली. त्यात एलओडी म्हणजे तपशिलाच्या पायऱ्या आहेत, शून्यावर नुसता घराचा ठसा म्हणजे वरनं दिसणारी बाहेरची रेघ, एकवर तोच ठसा वर ओढून केलेला ठोकळा, दोनवर छपराचा आकार येतो, तीनवर दारं खिडक्या. चौथी घराच्या आतली होती, ती २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत काढली. तुझ्या सावलीच्या कामाला एकचा ठोकळा पुरतो. ठोकळ्याची उंची मात्र बरोबर पाहिजे, सगळं तिथेच आहे. क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घरांचे पॉलिगॉन म्हणजे ठशांचे बंद आकार काढ, उंचीचा एक कॉलम टाक, थ्रीडी व्ह्यूमध्ये ओढ, सहाशे घरं चार-पाच दिवसात होतील आणि लॅपटॉपचा पंखा पण ओरडणार नाही.
अजून एक. स्केचअपमध्ये तू जे केलंस ते चित्र आहे. मॉडेलमध्ये घराला विचारता आलं पाहिजे की बाबा तुझी उंची किती, मजले किती, वापर काय, खाली यंत्रमाग आहे का दुकान. चित्राला असलं काही विचारता येत नाही. उद्या तुला "६ मीटरपेक्षा अरुंद गल्लीवरची तीन मजली घरं दाखव" असं म्हणायचं असेल तर कॉलम लागतील.
आता सोलापूरची गंमत सांगतो. आपण साधारण १७.७ अंश उत्तरेला, म्हणजे ११ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, शून्य सावली दिवस. त्या वेळी घर तीन मजली कर नाहीतर तेरा, गल्लीत भिंतीची सावली पडणारच नाही, तिथे झाड किंवा मांडवच पाहिजे. पण साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३२ अंशावर येतो, ६ मीटर उंचीच्या घराची सावली जवळजवळ १० मीटर लांब पडते. उत्तर-दक्षिण गल्ली असेल तर पश्चिमेची घरं ती पूर्ण झाकतात. पूर्व-पश्चिम गल्लीत मात्र सूर्य गल्लीच्या तोंडातनंच आत येतो आणि भिंतीलगत जेमतेम दोन मीटरचा पट्टा मिळतो. तो पट्टा कुठल्या बाजूला ते मी सांगत नाही, तू मॉडेलमध्ये बघ आणि मग परत ये.

कडक_भाकरी:
एवढी हुशार माणसं जमलीत म्हणून विचारतो. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, पाऊस पडला की चौकात गुडघाभर, आणि आपण थ्रीडी थ्रीडी खेळायचं? २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० मध्ये नाव आलं आपलं, तेव्हापासून असली रंगीत चित्रं लै बघितली. त्या चित्रात सगळ्या रस्त्यावर झाडं असतात, गोऱ्या बायका कुत्री फिरवतात आणि एक पण रिक्षा नसते. पोरा तुला नाही बोललो, तू तुझं कर.

परदेशी_चादर:
भाकरी काका, गोऱ्या बायकांचं अगदी खरं 😂 मी सध्या नेदरलँडमध्ये आहे, मूळचा विजापूर रोडचा. इथे काय करतात सांगतो मग ठरवा शो का उपयोग. डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या लोकांनी अख्ख्या देशातल्या प्रत्येक इमारतीचं मॉडेल केलंय, साधारण एक कोटी इमारती, आणि हाताने एक पण नाही. सरकारकडे इमारतींच्या ठशांची नोंद आहे आणि विमानातनं लेझरने मोजलेली उंची आहे, दोन्ही फुकट उपलब्ध, एकावर एक ठेवलं की संगणक छपरासकट घर बनवतो. थ्रीडी बॅग म्हणतात त्याला, कुणीही उतरवून घ्या. दिसायला एकदम फिक्कं आहे, राखाडी ठोकळे नुसते, पण लोक त्यावर गाड्यांचा आवाज कुठल्या खिडकीपर्यंत पोचतो, वारा कसा वळतो असलं काढतात. हेलसिंकीवाले कुठल्या छपरावर किती ऊन पडतं, सोलर लावून किती वीज मिळेल हे प्रत्येक इमारतीपुढे दाखवतात. जपानच्या जमीन, पायाभूत सुविधा आणि वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये प्लॅटो नावाने सुरू केलं, त्यात पुराचं पाणी कुठल्या इमारतीच्या कितव्या मजल्यापर्यंत येईल ते दिसतं, म्हणजे माणसाला कळतं पळायचं का वर जायचं. त्याउलट सिंगापूरने ७ कोटी ३० लाख सिंगापूर डॉलर घातले त्यांच्या मॉडेलला, ते आपलं काम नव्हे. आपण डच लोकांची चिकटगिरी घ्यावी 😄

कडक_भाकरी:
ते पुराचं पटलं. मग आमच्या चौकातलं पाणी सांग की काढून.

नकाशेबाज:
काका, तिथे घरांच्या ठोकळ्यांचा उपयोग कमीच, जमिनीचा उतार लागतो आणि तो पण सेंटिमीटरमध्ये. फुकट मिळणारे उंचीचे नकाशे, आपल्या कार्टोसॅट उपग्रहाचा किंवा नासाच्या एसआरटीएमचा, एक ठिपका ३० मीटरचा असतो, तुमचा अख्खा चौक दोन ठिपक्यात संपला. शिवाय चौकात पाणी साठतं ते बरेचदा गटार तुंबल्याने आणि जमिनीखालचं गटार कुठल्याच मॉडेलला वरनं दिसत नाही. कुणीतरी झाकण उघडून मोजायला पाहिजे. असल्या कामाला निधी मागितला की समोरचा घड्याळ बघतो.

पेठेतला_पोरगा:
वा, बरंच डोक्यात आलं. सर, घरांचे ठसे सॅटेलाइटवरनं काढतो पण उंची कुठनं आणू? मित्राकडे ड्रोन आहे, उडवू का?

उडता_सोलापूरकर:
उडवू नको!! थांब. होटगी रोडचा विमानतळ किती लांब आहे तुझ्या पेठेपासून? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपलं जवळजवळ सगळं गाव त्यात येतं. आधी डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघ, रीतसर अर्ज करायला वेळ असेल तर फोटो काढून ओपनड्रोनमॅपमध्ये टाकलेस की झकास मॉडेल निघतं. पण ते सगळं एकच चादर असतं, घर रस्ता झाड गाडी सगळं एकमेकाला चिकटलेलं, घर वेगळं करायला परत ठसे लागतातच.
आणि थ्रीडी कशाला लागतं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, चिमणी आठवा. विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या आड येते म्हणून गावात किती वर्षं वाद झाला, २०२३ च्या जूनमध्ये पाडली शेवटी. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही, पण धावपट्टीच्या टोकापासून हवेत एक तिरका न दिसणारा पडदा असतो, त्याच्या वर काही येऊन चालत नाही, आणि तो पडदा सपाट नकाशावर काढून सामान्य माणसाला कळत नाही. थ्रीडीत तो काचेसारखा उभा करता येतो आणि त्यातनं काय बाहेर डोकावतंय ते शाळेतलं पोरगं पण सांगेल. बांधायच्या आधी बघायची गोष्ट आहे ती.

जुना_ओव्हरसियर:
बाळ, मी निवृत्त माणूस, आयुष्य टेप आणि लेव्हल घेऊन गेलं. तुम्ही लोक मजले मोजून गुणिले ३ मीटर करता, नव्या फ्लॅटला ते चालतं, पेठेत फसशील. जुन्या माळवदाच्या घराचा मजला बुटका, आणि कारखान्याचं शेड एकच मजला पण दीड मजल्याएवढं उंच, आत सुताचा माळा. प्रत्येक प्रकाराची दहा-बारा घरं लेझर मीटरने मोज, त्यावरनं प्रकारानुसार उंची बसव.
दुसरं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, ते ज्या रस्त्यांनी जातात तिथे अडचण घरांची नसते, आडव्या वायरी, फांद्या, फ्लेक्सच्या कमानी यांची असते. तुमच्या मॉडेलमध्ये वायर नसते. ज्या दिवशी कुणी वायरीसकट मॉडेल करेल त्या दिवशी मी बाराबंदी घालून सत्काराला येतो.

परदेशी_चादर:
ओव्हरसियर काका 🙏 उंचीसाठी अजून एक, गूगलच्या ओपन बिल्डिंग्जमध्ये २०१६ ते २०२३ असं दर वर्षीच्या उंचीचा फुकट अंदाज आहे, भारत आहे त्यात. पण ठिपका ४ मीटरचा, पेठेत भिंतीला भिंत लागलेली त्यामुळे चार घरांचं एकच घर दिसेल. जुळे सोलापूरसारख्या सुट्या बंगल्यांना बरं, तुला फक्त पडताळणीला.

पेठेतला_पोरगा:
अपडेट. मधे दहा दिवस गायब होतो, सॉरी. ४० घरांची ती स्केचअपची फाईल बाजूला ठेवली (तुळशीवृंदावन प्रिंट काढून घरी लावलं, आईला आवडलं). क्यूजीआयएसमध्ये ६३० ठोकळे झाले. मित्राच्या काकांचा लेझर मीटर दोन दिवस मिळाला, त्यात ५२ घरं मोजली. ओव्हरसियर काका म्हणाले तसंच, एक शेड मी ३ मीटर धरलेलं ते ५.२ निघालं.
नकाशेबाज सर, तुमचं कोडं सुटलं. मला वाटलेलं पूर्व-पश्चिम गल्लीत सावली दक्षिणेच्या घरांची पडणार, आपण लहानपणापासून तेच धरून चालतो. मॉडेल म्हणालं उलटं, मे मध्ये साडेचारला सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे असतो म्हणून पट्टा उत्तरेच्या रांगेचा. मला खोटं वाटलं म्हणून परवा टेप घेऊन गल्लीत उभा राहिलो, खरंच उत्तरेच्या घरांच्या पायथ्याशी सावली आणि समोरचे ओटे तापलेले, हात टेकवत नव्हता. विडीवाल्या मावशी सूप घेऊन उत्तरेच्याच ओट्यावर बसलेल्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या उन्हाळ्यात इकडं, थंडीत तिकडं, हे सांगायला कंप्युटर कशाला लागतो रे.
पण एका घरापाशी गडबड झाली. मॉडेलप्रमाणे पट्टा १.९ मीटर पाहिजे होता, टेपवर २.६ आला. तीनदा मोजलं. मग वर बघितलं तर कठडा मी धरलाच नव्हता आणि कठड्याला लागून वर पत्र्याचं शेड टाकलेलं. म्हणजे ६ मीटरचं घर खरं ८.३ चं. अशी शेडं अर्ध्या गल्लीवर आहेत. मी मान वर करून मोजायलोय म्हटल्यावर घरमालक बाहेर आले, महापालिकेचा आहेस का रे, पत्र्याला काही करणार असशील तर आत्ताच सांग. कसंबसं कॉलेजचं ओळखपत्र दाखवून सुटलो, नंतर त्यांनीच चहा पाजला आणि शेजारच्या तीन घरांचे पत्रे कधी टाकले ते पण सांगितलं.
आता अडचण ही की शेडं मॉडेलमध्ये टाकली तर सावली बरोबर येते, पण ती परवानगीची नाहीत, आणि थिसिसमध्ये ६३० घरांच्या यादीत "पत्रा: आहे" असा कॉलम लावला तर ती यादी उद्या कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

नकाशेबाज:
हा प्रश्न लै चांगला काढलास. गणितात पत्रा ठेव पण घरनिहाय यादी बाहेर देऊ नको, गल्लीच्या २०-२५ मीटरच्या तुकड्याला मिळून सावली किती टक्के एवढंच छाप. घर क्रमांक, मालक वगैरे कॉलम जूरीला देणाऱ्या फाईलमधनं उडव. आणि दोन नकाशे कर, एक पत्र्यासकट एक पत्र्याविना, शेजारी शेजारी लाव.

कडक_भाकरी:
तुझ्या जूरीची तारीख सांग बे, येतो बघायला. आणि त्या विडीवाल्या मावशींना पण बोलव.

पेठेतला_पोरगा:
२८ तारखेला आहे काका, सकाळी ११ ला. मावशींना विचारतो, पण त्यांचं त्या दिवशी विड्या जमा करायचं असतं. अजून कुणाकडे लेझर मीटर आहे का, दोन दिवसासाठी? तळ अधिक तीनचं तपासायला अशोक चौकाकडची पाच-सहा नवी घरं मोजायचीत.

जुना_ओव्हरसियर:
माझ्याकडे आहे. सेल नवे घालून ठेवतो, संध्याकाळी सहानंतर ये, तेव्हा लाल ठिपका भिंतीवर नीट दिसतो.