विषय: डॅटचे गुण ॲडसॅसवर दिसत नाहीत, सबमिट थांबवू का?

प्रेषक: पुतणीची आत्या
मंडळी, पुतणीची डॅट, म्हणजे अमेरिकेतल्या डेंटल स्कूलची प्रवेशपरीक्षा, होऊन नऊ दिवस झाले. ॲडसॅसवर (या शाळांना एकत्र अर्ज करायची ऑनलाइन सेवा) गुणांचा रकाना अजून रिकामाच. ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) पोचली, निबंध झाला, शिफारसपत्रं आली. सबमिट करू की थांबू? मागच्या वर्षीच्या धाग्यात 'घाई नको' म्हणणारेही बोला, तेव्हाचा वाद उकरत नाही.

प्रेषक: माजी कार्यवाह
थांबू नका. अधिकृत गुण पोचायला तीन-चार आठवडे लागतात, नऊ दिवसांत रकाना रिकामा असणारच. गुण नसले तरी अर्ज सबमिट होतो. ट्रान्सक्रिप्ट पडताळून जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी) काढण्याचं काम सबमिटनंतरच सुरू होतं, त्यालाही काही आठवडे जातात. दोन्ही कामं बरोबरीने चालू द्या. परीक्षेची तारीख तेवढी भरून ठेवा. गुण नंतर आपोआप जोडले जातात. सबमिटनंतर शाळा वाढवता येतात, काढता येत नाहीत, म्हणून यादी आताच नीट बघा. प्रवेशाचे देकार १५ डिसेंबरपासून निघतात, पण मुलाखती त्याआधी कितीतरी सुरू होतात आणि बऱ्याच शाळा अर्ज येतील तसे वाचतात. जूनचा अर्ज ऑगस्टमध्ये पाठवून काय मिळणार?

प्रेषक: विद्यार्थी उपसमिती
'आपोआप' हा शब्द जपून वापरावा. गुण जोडले जातात ते डेंटपिन (परीक्षा आणि अर्ज दोन्हींसाठीचा ओळख क्रमांक), नाव आणि जन्मतारीख जुळली तर. आपल्याकडे गोची मधल्या नावाची. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये मुलीचं आणि वडिलांचं नाव एकत्र, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं मुलीचं. डेंटपिन काढताना एक, ॲडसॅसवर दुसरं, की जुळणी अडली. दुसरा घोळ म्हणजे पासवर्ड विसरला म्हणून नवा डेंटपिन काढणं. परीक्षा एका नंबरवर, अर्ज दुसऱ्यावर. असं झालं असेल तर तिसरा काढू नका, एडीएला (डॅट घेणारी अमेरिकन डेंटल असोसिएशन) कळवून दोन्ही एकत्र करून घ्या. आणि असे प्रश्न आधी उपसमितीच्या पत्त्यावर पाठवायचं ठरलं होतं ना?

प्रेषक: माजी कार्यवाह
ठरलं होतं. तिथे उत्तर कधी येतं, हे ठरलं नव्हतं.

प्रेषक: ग्रंथालयवाल्या ताई
मधल्या नावाचं अगदी खरं. त्याच ओघात, परीक्षेच्या दिवशी केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावरचं नावही नोंदणीशी जुळलं पाहिजे, नाहीतर आत सोडत नाहीत. आता गुणांबद्दल. मार्च २०२५ पासून श्रेणी २०० ते ६०० आहे, दहा-दहाच्या पायऱ्यांनी. आधी १ ते ३० होती. शाळेच्या जुन्या पानावर २० दिसलं की २० ने गुणून ४०० धरू नका. एडीएचा तुलनात्मक तक्ता आहे, तोच वापरा. अकॅडमिक ॲव्हरेज म्हणजे बायो, जनरल केम, ऑरगॅनिक, वाचन आणि गणित या पाचांची सरासरी. पीएटी (आकृत्या आणि आकार ओळखण्याचा भाग) त्यात नाही, ते शाळा वेगळं बघतात. 'टोटल सायन्स' तिन्ही विज्ञानांची सरासरी वाटते, पण ती त्या १०० प्रश्नांवरून स्वतंत्र काढतात.

प्रेषक: टेक्साससंपर्क
आत्या, टेक्सासच्या रहिवाशांना तिथल्या शाळांचा अर्ज टीएमडीएसएएसवर (टेक्सासची स्वतंत्र अर्जसेवा) करावा लागतो, ॲडसॅसवर नाही. डॅटला नोंदणी करतानाच टेक्सासची शाळा निवडलेली बरी. त्या वेळच्या निवडी फीमध्येच येतात, नंतर मागवलेल्या रिपोर्टचे वेगळे पैसे.

प्रेषक: नवीन सभासद
धागा वाचतेय. भाचीचं भारतात बीडीएस झालंय, तिनेही डॅट द्यायचा का?

प्रेषक: ग्रंथालयवाल्या ताई
नाही. डॅट पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी. बीडीएसवाल्यांचा रस्ता ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचा, म्हणजे थेट पुढच्या वर्षात प्रवेशाचा: आयएनबीडीई (अमेरिकेतली दंतवैद्यक परवान्यासाठीची लेखी परीक्षा), टोफेल (इंग्रजीची परीक्षा), पदवीचं कोर्सनिहाय मूल्यांकन आणि अर्ज कापिडवर (अशा प्रवेशांची अर्जसेवा). आयएनबीडीई दोन दिवसांची, ५०० प्रश्नांची, निकाल फक्त पास किंवा नापास. त्यामुळे शाळांना निवडीसाठी तिथले गुण मिळतच नाहीत, उरतात टोफेल, मूल्यांकन आणि काही शाळांची हाताच्या कौशल्याची चाचणी. डेंटपिन मात्र तिलाही लागेल. एकच.

प्रेषक: विद्यार्थी उपसमिती
कृपया बीडीएससाठी वेगळा धागा काढावा.

प्रेषक: माजी कार्यवाह
आत्या, गुण मनासारखे नसले तरी पुढची तारीख लगेच मिळत नाही, दोन परीक्षांमध्ये ६० दिवस जावे लागतात. आणि रिपोर्टमध्ये आधीचा प्रयत्नही दिसतो. फक्त एखादा विषय जरा खाली आहे म्हणून पुन्हा बसवू नका. शाळेची किमान अट असेल आणि ती चुकत असेल तर गोष्ट वेगळी. जुने गुण किती वर्षं चालतात तेही शाळेगणिक वेगळं, आणि काही शाळा अर्जाच्या दिवसापासून मोजतात, काही प्रवेशाच्या.

प्रेषक: पुतणीची आत्या
आत्ता बसून तपासलं. ॲडसॅसवर डेंटपिनचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. नावही तिथे वडिलांच्या नावासकट, एडीएकडे नुसतं तिचं. दोन्ही दुरुस्त केलं, तारीख भरली, सबमिट दाबलं. टेक्सास यादीत नाही. उपसमितीला सीसी केलं आहे.