बंद गिरणीत शिरावं की गेटबाहेरच थांबावं?

चेंदणीकर
लालबाग-परळच्या बंद गिरण्या बघायला ठाण्याहून कॅमेरे घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. येताना आणतात ते गंजलेल्या दारांचे फोटो. माझं म्हणणं, परवानगी काढून आत जायलाच हवं, पण मोजायची टेप आणि वही घेऊन. रिकाम्या शेडमध्येही कुठे काय चालायचं ते जमिनीवरच्या बोल्टांवरून कळतं. लांबलचक, अरुंद रांगा असतील तर रिंगफ्रेम, म्हणजे सूत कातायची यंत्रं; जवळजवळ छोटे चौकोन असतील तर माग. छताच्या करवती दात्यांच्या काचा उत्तरेकडे असतात, कारण थेट ऊन टाळून दिवसभर सारखा उजेड हवा असायचा. खांबांना क्रमांक द्या: एका दिशेला अ, आ, दुसऱ्या दिशेला १, २. दोन खांबांतलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी. यंत्रावर प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम अशी पाटी दिसली तर ती आधी टिपा, बिडाचे भाग भंगारात लवकर जातात.

कोपरी_पूर्व
परवानगीच्या कागदाने छत पडायचं थांबत नाही. दोन दात्यांमधल्या पन्हळीचं पाणी बऱ्याच जुन्या शेडमध्ये पोकळ बिडाच्या खांबातून खाली उतरतं. तोंडाशी पाला किंवा पिंपळाचं मूळ अडकलं की पन्हळ पावसाळाभर तुंबते, कडेच्या तुळया गंजत जातात आणि खालून काहीच कळत नाही. विणकाम खात्यात ७५-८० टक्के आर्द्रता ठेवावी लागते, म्हणून अनेक गिरण्यांत जमिनीखाली हवेचे मोठे चर आहेत. वरच्या लोखंडी जाळ्या चोरीला गेल्या की उरतो पाल्याने झाकलेला खड्डा. जुने पन्हळी सिमेंटचे पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात, तोंडाला रुमाल बांधून ते तंतू अडत नाहीत. आणि बंद लोखंडी टाकीत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण गंज धरताना आतला प्राणवायू संपतो. इतकं सगळं कशासाठी?

चेंदणीकर
म्हणूनच जानेवारीनंतर, कोरड्या दिवसांत, काठीने जमीन चाचपत, तिघांपेक्षा कमी नाही. वरचा मजला लाकडी असेल तर जिन्यावरूनच फोटो. टाकीत कुणीच उतरायचं नाही.

माजिवडा_नाका
तुम्ही दोघे इमारतीवरच भांडताय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तेव्हा विशीत असलेले आता साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांतले कितीतरी कळवा, ठाणे, डोंबिवलीत राहतात. आधी त्यांच्याकडे जा. सुताला कांजी किती दाट लावायचे, एका विणकराकडे किती माग असायचे, हे बोल्टांवरून कळत नाही. “कसं होतं तेव्हा?” असं विचारलंत तर गोलमोल उत्तर मिळेल. “पाळी बदलताना साचा बंद करायचात का चालता ठेवायचात?” असं विचारा; साचा म्हणजे गिरणीच्या बोलीत यंत्र. शेड आणखी दोन वर्षं तरी उभी राहील, माणसांचं तसं सांगता येत नाही.

चेंदणीकर
माणसांच्या घरांचा प्रश्नही शेडशीच जोडलेला आहे. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ मुळे गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ च्या बदलानंतर वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची उरली, बांधकामाखालची जमीन त्यातून निघाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मग शेड नेमकी कुठे संपत होती, हे मोजणं बिनकामाचं कसं?

माजिवडा_नाका
त्यासाठी आत कशाला शिरायचं? पालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. मंजूर नकाशा मागा.

चेंदणीकर
नकाशात मंजूर झालेलं दिसतं. मागाहून भिंतीला टेकवून चढवलेली पत्र्याची शेड त्यात नसते. अर्ज जरूर करा, आणि तो नकाशा हातात घेऊनच आत चला.