ईस्टरचा खरा अर्थ मुलांना घरी कसा सांगता? (आणि आजोबांबद्दलचा एक प्रश्न)

दोन_पिल्लांची_आई

जय ख्रिस्त सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय इथे, थोडं लांबेल.

मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा चार. दरवर्षी ईस्टरला आम्ही चर्चला जातो, घरी येतो, मुलं अंडी रंगवतात, फोटो काढतो आणि झालं. मागच्या वर्षी पाहुण्यांनी मुलीला विचारलं, ईस्टर म्हणजे काय गं, तर ती म्हणाली सशाचा वाढदिवस. सगळे हसले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. चूक तिची नाहीच, आम्ही तिला जे दाखवलं तेच ती बोलली ना. म्हणून यंदा ठरवलंय की झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आधीचा रविवार) रोज घरात काहीतरी छोटं करायचं, चौघांनी मिळून, मुलांच्या हाताला काम मिळेल असं.

दोन ठिकाणी अडलेय. एक म्हणजे धाकट्याला वधस्तंभाबद्दल किती सांगायचं? पुस्तकातल्या चित्रात खिळे दिसले की तो स्वतःच्या मुठी घट्ट मिटून पाठीमागे लपवतो. आणि दुसरं जास्त अवघड आहे. जानेवारीत माझे सासरे प्रभूकडे गेले. मुलं दफनाला होती, दोघांनी मूठ मूठ माती टाकली. परवा मी सांगत होते की तिसऱ्या दिवशी येशू उठला, तर मुलगी बोटांवर मोजायला लागली आणि म्हणाली, मग आजोबांना तर कितीतरी दिवस झाले, ते का नाही उठले? मी विषय बदलला आणि तेव्हापासून तेच मनाला खातंय. तुम्ही काय सांगितलं असतं?

संडेस्कूलची_ताई

आधी धाकट्याचं. चार वर्षांच्या मुलाला खिळे, रक्त, काट्यांचा मुकुट हे सगळं जवळून दाखवायची काहीच गरज नाही. मी त्या वयाच्या मुलांना तीनच वाक्यं सांगते, लोकांनी येशूला खूप त्रास दिला, तो मेला, आणि त्याच्या मित्रांना खूप रडू आलं. एवढ्यावर थांबते. पुढचं तो विचारेल तेव्हा, विचारेल तितकंच. पण "मेला" हा शब्द मात्र टाळू नका हां, "झोपला" म्हणू नका, नाहीतर लहान मुलं रात्री झोपायला घाबरतात, हे मी वर्गात बघितलंय.

आता करायचं काय, तर मी सगळ्यांना एकच सांगते, बाग करा. मोठा पसरट ट्रे घ्या, त्यात माती भरा, एका कोपऱ्यात छोटी कुंडी आडवी करून अर्धी मातीत पुरा, ती झाली कबर. तोंडाशी बसेल असा गोल धोंडा मुलांनाच शोधून आणू दे. मागे काटक्यांचे तीन क्रूस, दोऱ्याने बांधलेले. आणि उरलेल्या मातीत गहू किंवा मोहरी पेरा आणि रोज पाणी घाला.

बागच का, कारण योहानाने त्याच्या शुभवर्तमानात तसंच लिहिलंय, जिथे येशूला वधस्तंभावर खिळलं तिथे एक बाग होती आणि बागेत नवी कबर होती. आणि रविवारी पहाटे येशूची शिष्या मरीया मग्दालीया रडत उभी असते तेव्हा समोर उभा असलेला येशू तिला माळी वाटतो. तो फक्त तिचं नाव घेतो आणि ती ओळखते. हा भाग मी मुलांना सांगतच नाही, करून दाखवते. मुलं भिंतीकडे तोंड करून उभी राहतात, मी मागून हळूच एकेकाचं नाव घेते, आणि ज्याचं नाव येईल तो वळतो. बाकी काही समजावत बसायची गरज पडत नाही, त्यांचे चेहरेच सांगतात.

शुक्रवारी, म्हणजे येशू मेला त्या दिवशी, संध्याकाळी पांढऱ्या कापडाचा तुकडा गुंडाळून कुंडीत ठेवायचा आणि धोंडा लावायचा. रविवारी मुलं उठायच्या आधी तुम्ही धोंडा बाजूला करून ठेवायचा. कापड तिथेच राहू दे, कारण तागाची वस्त्रं आत तशीच पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळलेला होता हे योहान मुद्दाम लिहितो. माझ्याकडे एक मुलगी होती तिने नेमका तोच प्रश्न विचारला, चोरांनी नेलं असतं तर रुमालाची घडी कोण घालत बसेल?

रविवारचा_बाबा

बाग आम्हीपण करतो, मस्त होते. त्याच्या जोडीला आमच्याकडे बारा प्लास्टिकची उघडता येणारी अंडी असतात, एकेकात एकेक वस्तू, झावळीचं टोक, नाणं (येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला दिलेल्या तीस रुप्याच्या नाण्यांसाठी), छोटा पेला, कोंबड्याचं पीस, दोरी, काटा, खिळा, फासा कारण शिपायांनी येशूच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या, काळ्या कापडाची चिंधी कारण दुपारी बारा ते तीन अंधार पडला होता, लवंग कारण बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या होत्या, आणि खडा. रोज एक किंवा दोन उघडायची आणि त्या वस्तूची गोष्ट बायबलमधून वाचायची. बारावं अंडं रिकामं. (तुमच्या धाकट्यासाठी काटा आणि खिळा सरळ वगळा, त्या जागी क्रूसाचं चित्र ठेवलं तरी चालतं.)

अंड्यांवरून घरात वाद झालाय आमच्या पण, म्हणून सांगतो, अंडं काही कुठून परकं आलेलं नाही. पूर्वी उपवासकाळात अंडी खात नसत, ईस्टरला तो उपवास सुटायचा, आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये अंडं लाल रंगवतात ते ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, कवच म्हणजे बंद कबर. ससा मात्र वेगळा, अंडी आणणाऱ्या सशाची गोष्ट जर्मन भाषिक भागातली, 1682 च्या एका लेखनात तिचा उल्लेख आहे. शुभवर्तमानात ससा नाही एवढं मुलांना सरळ सांगायचं, रागवायचं नाही.

आणि एक, माझं सगळ्यात आवडतं. ईस्टरच्या संध्याकाळी आम्ही अम्माऊसची वाट चालतो. लूक 24 मधली ती दोन माणसं खिन्न होऊन यरुशलेमहून अम्माऊस गावाला निघालेली असतात, वाट साठ स्टेडिया म्हणजे सुमारे 11 किलोमीटर, आम्ही अर्धा तासच चालतो. जाताना फक्त त्यांच्या बाजूने बोलायचं, आमची आशा होती पण ते तर गेले, असं. मध्येच मी, त्या वाटेवरच्या येशूसारखा, मागून येऊन सामील होतो आणि विचारतो, काय बोलताय तुम्ही? मग मुलं मला सगळं सांगतात, जसं काही मला ठाऊकच नाही. तेव्हा कळतं आठवडाभरात काय डोक्यात शिरलंय आणि काय नाही. घरी आलो की दिवा न लावता टेबलाशी बसायचं, भाकर मोडायची (त्या दोघांनी येशूला तेव्हाच ओळखलं) आणि मग दिवा. मोठा आता तेरा वर्षांचा आहे, इतर गोष्टींना नाकं मुरडतो पण हे चुकवू देत नाही.

पहाटतारा

माझं मत थोडं वेगळं. रोज रोज इतकं काही ठेवलं की मुलांना तो प्रोजेक्ट वाटायला लागतो आणि आईचा अर्धा जीव ट्रे न् अंडी सांभाळण्यात जातो, मी दोन वर्षं केलंय आणि शुक्रवारपर्यंत मीच चिडचिडी झालेली असायचे. आता आम्ही फक्त गुरुवारी एकमेकांचे पाय धुतो. येशूने शिष्यांचे धुतले तसे. नवरा गुडघ्यावर बसून मुलाचे पाय धुतो, टॉवेलने बोटांच्या मधून पुसतो, कोणी काही बोलत नाही. मग मुलगा बाबाचे. एवढंच, पण ते मनापासून होतं.

माळ्याची_आजी

बाळा, तुझ्या मुलीने बोटं मोजली हे वाचून माझे डोळे भरले. प्रश्न चुकीचा नाही तिचा. तिने गोष्ट खरी मानली म्हणूनच तिला तो पडला.

विषय बदललास त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण परत त्या विषयाकडे जा. तूच काढ. सांग तिला, तू आजोबांबद्दल विचारलं होतंस, तेव्हा मला रडू येत होतं म्हणून मी बोलले नाही. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूसुद्धा रडला होता, हे सांग. दोन शब्दांचं वचन आहे, "येशू रडला", तिला पाठही होईल. त्याला माहीत होतं की आता आपण लाजराला उठवणार आहोत, तरी रडला.

आणि मग गहू. प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात पंधराव्या अध्यायात लिहिलंय की ख्रिस्त हा प्रथमफळ आहे. प्रथमफळ म्हणजे शेतातलं पहिलं आलेलं पीक, ते देवाला द्यायचं. पहिलं आलं याचा अर्थ बाकीचं मागून येतंय, शेत तेच आहे. त्याच अध्यायात तो म्हणतो आपण दाणा पेरतो तो मेल्याशिवाय जिवंत होत नाही. तर त्या संडेस्कूलच्या ताईने सांगितलेल्या ट्रेमध्ये मुलीला गहू स्वतः पेरू दे. आजोबांवर माती टाकली ना तिने, त्याच हाताने पेरू दे. मग बघत राहा दोघी.

कधी उठतील असं विचारलं तर तारीख आपल्याला सांगितलेली नाही, तेही तसंच सांग. लहान मुलांना ते चालतं. आपल्यालाच चालत नाही.

अजून एक, शनिवारबद्दल कोणी लिहिलं नाही. शुक्रवारी मूल रडायला लागलं की आपण पटकन म्हणतो, रडू नको, रविवारी उठणार आहे तो. चारवाल्याला सांग हवं तर, तो लहान आहे. पण सातवालीला थोडं थांबू दे. त्या शनिवारी शिष्यांना काही माहीत नव्हतं, शब्बाथ म्हणजे यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस होता, कुठे जाताही येत नव्हतं, दारं लावून बसले असतील. आमच्या घरी शनिवारी गाणी लावत नसू, ट्रेमधल्या क्रूसांवर कापड घालायचो आणि बस. मुलं दहादा धोंड्यापाशी जाऊन बघायची. बघू दे.

दोन_पिल्लांची_आई

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. आज ईस्टरचा सोमवार, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहाटतारा ताई, तुमचं ऐकून मी यादी अर्धी केली. अंडी पुढच्या वर्षी. बाग केली, गुरुवारी पाय धुतले आणि अम्माऊसला गेलो. धाकट्याने पाय धुताना बाबाच्या तळव्याला गुदगुल्या केल्या, मग परत शांत होऊन नीट धुतले. क्रूस बघून यावेळी मुठी लपवल्या नाहीत, काटक्या त्यानेच बांधल्या होत्या म्हणून असेल.

आजी, मंगळवारी मुलीशी बोलले, तुम्ही म्हणालात तसंच. ती म्हणाली मला वाटलं तू रागावलीस. आम्ही दोघी रडलो. मग गहू पेरले, उशीरच झाला होता खरं तर. बुधवार, गुरुवार काहीच नाही. शुक्रवारी तिने एक दाणा उकरून काढला आणि मला दाखवायला आणला, फुगलेला, टोकाला पांढरा ठिपका, आणि विचारलं हा मेलाय का. मी म्हटलं परत ठेव, झाक, थांबूया.

शनिवारी सकाळी एकच कोंब वर आला होता, अगदी कडेला, नखाएवढा. बाकी सगळी माती तशीच. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तीच धाकट्याला म्हणाली, हा पहिला आहे, आता सगळे येणार, आजोबा पण. तो म्हणाला उद्या? ती म्हणाली ते नाही सांगितलेलं.

रविवारी धोंडा बाजूला बघून धाकटा घरभर ओरडत सुटला, प्रभू उठला आहे, आणि ती आतून ओरडली, खरोखर उठला आहे. आज सकाळपर्यंत ट्रे निम्मा हिरवा झालाय. तिला त्यातला थोडा आजोबांच्या कबरेवर नेऊन लावायचाय, संध्याकाळी जाणार आहोत.

ताई, एक विचारायचं होतं, पेंटेकॉस्टपर्यंतचे (पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंतचे) पन्नास दिवस तुम्ही वर्गात काय घेता? मुलगी विचारतेय आता पुढे काय झालं.