मदत हवी आहे: आंतर्द्रव्यजालिकेतला हा भाग पापुद्रा धरायचा की नळ्या?

नमस्कार मंडळी. पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेची (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, म्हणजे चपटे पापुद्रे आणि नळ्या मिळून झालेलं पटलांचं जाळं) त्रिमितीय रचना उभी करतेय आणि एका जागी पार अडकलेय.

आयनांच्या झोताने नमुन्याचा पातळ थर खरवडायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो घ्यायचा, पुन्हा खरवडायचा, अशी काढलेली चित्रमालिका माझ्याकडे आहे. दोन कापांमधलं अंतर ८ नॅनोमीटर. केंद्रकाजवळचे पापुद्रे स्वच्छ दिसतात, कडेच्या बारीक नळ्याही. तीन-तीन नळ्या एका सांध्यात मिळालेल्या, बघत राहावं अशी जाळी!

गोंधळ मधल्या पट्ट्यात आहे. एका कापात सलग पट्टी दिसते, दोन काप पुढे गेलं की तिलाच बारीक भोकं. मग हा भोकांचा पापुद्रा, की दाटीवाटीने बसलेल्या नळ्या? प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्रे वाटणारे कडेचे बरेच भाग प्रत्यक्षात दाट नळ्यांचे असल्याचं २०१६ मध्ये दाखवलं गेलंय, त्यामुळे घाईने शिक्का मारवत नाही. रेटिक्युलॉन हे प्रथिन पटलाला बाक देतं, ॲटलास्टिन हे प्रथिन नळ्या एकमेकींना जोडतं. यातलं कुणाचं काम कुठे चाललंय याचा अंदाज मला आकारावरूनच बांधायचा आहे.

संगणकाची आपोआप आखणी नेमकी हीच भोकं बुजवते. चाळीस काप हाताने आखले, पण काल आखलेलं आज वेगळं वाटतं.

पापुद्रा आणि नळ्या यांच्यातली सीमा भोकाच्या रुंदीवरून ठरवावी की पटलाची वक्रता मोजून? आणि दोघांनी स्वतंत्रपणे आखून ताडून पाहायचं तर साधारण किती काप घ्यावेत? हे काम केलेल्या कुणीही कृपया सविस्तर लिहा.